म्हाडाची सेवा कशी आहे? आधी तिचे शब्द तपासू

म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, घरांच्या सोडतीची माहिती पुस्तिका उघडली की पहिल्याच तक्त्यात 'गाळा' भेटतो. बाजारात गाळा म्हणजे दुकान. म्हाडात माणसं राहतात ती खोलीही गाळाच. दुकान असेल तर तो 'अनिवासी गाळा'. अर्ज भरणाऱ्यांपैकी बरेच जण इथेच थबकतात आणि 'हे घरच आहे ना?' म्हणून खात्री करून घेतात. घरच आहे. पण पुढच्या पानांवर असे पन्नासेक शब्द आहेत ज्यांचा घरातला अर्थ एक आणि कार्यालयातला दुसरा, आणि पैसे, मुदत, मालकी हे सगळं कार्यालयातल्या अर्थावर ठरतं. म्हणून म्हाडाच्या सेवेचं हे परीक्षण तिच्या शब्दांच्या वाटेनं केलं आहे. त्यात मुख्यतः मुंबई मंडळ, कोकण मंडळ आणि मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ येतं. बांधकामाचा दर्जा हा विषय इथे घेतलेला नाही.

निकाल आधीच सांगतो. अर्ज आणि सोडत: चांगली. सोडतीनंतरचा ताबा: घर कुठल्या योजनेतलं, त्यावर. जुन्या वसाहतींचं मिळकत व्यवस्थापन: संथ, पण मागे लागलं तर काम होतं. संक्रमण शिबिरं: नापास.

अर्ज आणि सोडत

२०२३ पासून सोडत नव्या संगणकीय प्रणालीवर चालते. जुन्या पद्धतीत घर लागल्यावर कागदपत्रं तपासली जायची आणि पात्रतेच्या फाइली महिनोन्महिने पडून राहायच्या. आता क्रम उलटा आहे: आधी नोंदणी, मग कागदपत्रं, पात्रता ठरल्यावरच अनामत रक्कम. हा बदल खरोखर उपयोगाचा आहे. विजेता म्हणून नाव लागलं आणि नंतर अपात्र ठरलं, हे प्रकार त्यामुळे बरेच कमी झाले.

लागणारे कागद थोडे आहेत, पण प्रत्येकाला अट आहे. आधार आणि पॅन एकाच नावाचे हवेत. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि पॅनवर माहेरचं राहिलं, हे अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. अधिवास प्रमाणपत्र १ जानेवारी २०१८ नंतर दिलेलं आणि बारकोड असलेलं लागतं. घरातलं जुनं, हातानं भरलेलं प्रमाणपत्र खरं असलं तरी प्रणाली ते घेत नाही. नवं 'आपले सरकार'वरून काढायला वेळ जातो, म्हणून जाहिरातीची वाट न पाहता ते आधीच काढून ठेवावं. आरक्षित प्रवर्गातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्राचीही तयारी ठेवा.

'उत्पन्न' या शब्दावर अर्ज सगळ्यात जास्त घसरतात. म्हाडाच्या लेखी उत्पन्न म्हणजे अर्जदार आणि जोडीदार यांचं मिळून वार्षिक कौटुंबिक उत्पन्न. आईवडिलांचं त्यात धरत नाहीत. बायकोचं शिकवण्यांचं उत्पन्न 'ते काय धरायचं' म्हणून सोडलं, आणि तिचं विवरणपत्र मात्र भरलेलं आहे, तर तपासणीत ते दिसतंच. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प उत्पन्न गट, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यावर उच्च. उर्वरित महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पहिल्या दोन मर्यादा ४.५ आणि ७.५ लाख आहेत. गटाला एक दार आहे: अत्यल्प गटातला अर्जदार अल्प गटासाठीही अर्ज करू शकतो, अल्पवाला मध्यमसाठी, मध्यमवाला उच्चसाठी. एक पायरी वर जाता येतं, खाली येता येत नाही. हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तरी फार थोडे अर्जदार त्याचा फायदा घेतात. अर्थात वरच्या गटातलं घर महाग असतं, आणि बँक कर्ज देताना तुमचाच पगार बघते.

'स्वतःच्या मालकीचं घर नसावं' ही अटही नीट वाचावी. अर्जदार, जोडीदार किंवा अज्ञान मुलं यांच्या नावे त्या मंडळाच्या संबंधित शहराच्या हद्दीत घर नको. गावाकडचं वडिलोपार्जित घर मुंबईच्या सोडतीत सहसा आड येत नाही.

२०२४ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत अर्जाचं शुल्क ५०० रुपये आणि त्यावर ९० रुपये जीएसटी होतं. अनामत अत्यल्प गटाला २५ हजार, अल्पला ५० हजार, मध्यमला १ लाख, उच्चला दीड लाख. अनामत परत मिळते, शुल्क मिळत नाही. परतावा अडकतो तो जवळजवळ नेहमी बँक खात्यामुळे: विलीन झालेल्या बँकेचा जुना आयएफएससी, किंवा खातं दुसऱ्याच्या नावे. पैसे ज्या खात्यातून भरायचे ते अर्जदाराचं स्वतःचं आणि चालू असलेलं ठेवा, एवढं पुरे.

अर्ज संपले की 'प्रारूप यादी' लागते, मग 'दावे व हरकती', मग 'अंतिम यादी'. मधला टप्पा दोन-चार दिवसांचा असतो आणि तो चुकवणारे पुष्कळ. प्रारूप यादीत प्रवर्ग चुकीचा दिसत असेल तर सांगायची वेळ तीच. सोडतीच्या दिवशी सभागृहात पडद्यावर नावं सरकतात, त्या मागे यादृच्छिक निवड करणारी संगणकप्रणाली असते. 'ओळख लावून सोडतीत घर देतो' म्हणणारा दलाल या टप्प्यावर काहीही करू शकत नाही. तो पैसे दहा जणांकडून घेतो, एखाद्याला आपोआप लागतं, त्याचे ठेवतो आणि बाकीच्यांना टोलवतो.

संकेत क्रमांकामागे काय दडलंय

अर्ज करताना योजनेचा 'संकेत क्रमांक' निवडायचा असतो, आणि लोक तो ठिकाण आणि किंमत बघून निवडतात. आमच्या मते खरी निवड तिसऱ्या रकान्यात असते: घर आलं कुठून. २०२४ च्या मुंबईच्या सोडतीतली २,०३० घरं पाहा. त्यातली १,३२७ म्हाडाने नव्याने बांधलेली, ३७० विकासकांकडून मिळालेली, ३३३ विखुरलेली. तिन्हींचा पुढचा अनुभव वेगवेगळा असतो.

म्हाडाने बांधलेलं घर म्हणजे समोरचा पक्ष एकच. पत्रं म्हाडाची, ताबा म्हाडाचा, गळती लागली तर तक्रारही म्हाडाकडे.

विकासकांकडून मिळालेली घरं ३३(५), ३३(७) अशा आकड्यांनी ओळखली जातात. हे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतले विनियम. ३३(५) म्हणजे म्हाडाच्या वसाहतीचा पुनर्विकास, ३३(७) म्हणजे शहरातल्या जुन्या 'उपकरप्राप्त' इमारतीचा (हा शब्द पुढे उलगडला आहे). जादा बांधकाम करू देण्याच्या बदल्यात विकासक काही क्षेत्र म्हाडाला देतो आणि ती घरं सोडतीत येतात. ठिकाण फार चांगलं असतं, म्हणून किंमतही चढते. २०२३ च्या सोडतीत ताडदेवचं उच्च गटातलं एक घर साडेसात कोटींच्या वर होतं. 'परवडणारी घरं' या नावाखाली ते छापलेलं पाहून लोक हसले, आणि हसावं असंच होतं. २०२४ मध्ये या ३७० घरांच्या किमती जाहिरातीनंतर कमी केल्या गेल्या: अत्यल्प गटात २५ टक्के, अल्पमध्ये २०, मध्यममध्ये १५, उच्चमध्ये १०. अशा इमारतीत ध्यानात घ्यायचं ते देखभाल शुल्क. व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, चार उद्वाहनं यांचा खर्च सोसायटी सगळ्यांवर लावते. म्हाडातून आलात म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका.

'विखुरलेले गाळे' म्हणजे जुन्या योजनांतली इकडेतिकडे उरलेली घरं: कुणी परत केलेली, कुणाचं वाटप रद्द झालेलं, कधी न विकली गेलेली. किमतीत ती बरी पडतात. पण अर्जाआधी त्या इमारतीत जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: सोसायटी नोंदलेली आहे का, त्या गाळ्यावर सेवाशुल्काची थकबाकी आहे का, आणि आत सध्या कुणी राहतंय का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर सोडतीनंतर चावी मिळेपर्यंत वाट पाहायची तयारी ठेवा.

कोकण, पुणे, नाशिक मंडळांत 'सर्वसमावेशक' किंवा बोलीभाषेत '२० टक्के योजना' असते. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर खासगी प्रकल्प उभा राहिला की त्यातलं २० टक्के क्षेत्र अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवावं लागतं. इथे लोकांची सगळ्यात मोठी फसगत होते, आणि तीही कुणी फसवल्याशिवाय. सोडत म्हाडाची असते, करार विकासकाशी होतो. म्हाडा फक्त लाभार्थी निवडून नाव कळवते. पुढे बांधकामाला उशीर झाला, वाहनतळाचे वेगळे पैसे मागितले, ताबा रखडला, तर तक्रार महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, जाते. म्हाडाच्या खिडकीवर उभं राहून उपयोग नाही. म्हणून अर्जाआधी प्रकल्पाचा महारेरा क्रमांक, पूर्ण होण्याची तारीख आणि तिला किती वेळा मुदतवाढ मिळाली ते बघून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

'प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य' ही आणखी एक पाटी. सोडतीत गेली नाहीत ती घरं अशी विकतात. विरार-बोळिंजच्या मोठ्या प्रकल्पात हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती, त्याचं एक मोठं कारण पाणी. त्यामुळे ही पाटी दिसली की विचारायचं: हे आधी का गेलं नाही? कधी उत्तर 'आता पाणी आलं' असं असतं आणि सौदा चांगला ठरतो.

चटई

एक शब्द जवळून बघू. 'चटई क्षेत्र' म्हणजे भिंतींच्या आत वापरता येणारी जमीन, चटई अंथरता येईल तेवढी. 'चटईक्षेत्र निर्देशांक' म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल त्याचं गुणोत्तर. चटई दोन्हींत आहे, संबंध जवळजवळ नाही. निर्देशांक मोजतात बांधीव क्षेत्रावर, त्यात भिंतीही येतात. पुनर्विकासाच्या सभेत विकासक सांगतो 'निर्देशांक तीन मिळणार', आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हिशेब करतं: माझं १८० चौरस फूट गुणिले तीन, म्हणजे ५४०. असं होत नाही. ३३(७) मध्ये निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र हा आधार आहे. त्यावर किती, हे भूखंड, भाडेकरूंची संख्या आणि विक्रीसाठी उरणारं क्षेत्र यांवर ठरतं. करारात आकडा 'चटई क्षेत्र' म्हणून, चौरस मीटरमध्ये, आणि नकाशासह हवा. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ३०० चौरस फुटांचे २७.८७ चौरस मीटर होतात, कुणी '२७' लिहिलं तर नऊहून जास्त चौरस फूट गेले, म्हणजे कपडे धुवायची जागा गेली.

घर लागलं, आता पत्रं

विजेत्याला मिळणाऱ्या पत्रांची माळ साधारण अशी: प्रथम सूचना पत्र, त्यावर तुमची स्वीकृती, तात्पुरतं देकारपत्र, पैसे, वाटपपत्र, करारनामा आणि नोंदणी, ताबापत्र. 'देकार' हा शब्द बाहेर कुणी वापरत नाही. त्याचा अर्थ 'या किमतीला, या अटींवर, घर देऊ करतो आहोत'. देकारपत्र म्हणजे मालकी नव्हे. त्याच्या जोरावर घर विकायला काढणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहावं.

स्वीकृती ऑनलाइन आणि मुदतीत द्यायची असते. ती दिली नाही तर नकार धरतात आणि घर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जातं. 'पत्र आलंच नाही' हे कारण चालत नाही, कारण पत्र खात्यात येतं, टपालानं नाही. अर्ज सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवरून भरला असेल तर गडबड इथे होते.

रक्कम बहुधा दोन टप्प्यांत मागतात, पहिला लहान, दुसरा मोठा. बहुतेक सोडतींत पहिला २५ टक्के, उरलेला ७५. नक्की दिवस तुमच्या देकारपत्रात असतात आणि मोजणी पत्राच्या तारखेपासून होते, तुम्ही ते उघडलंत त्या दिवसापासून नाही. पहिला टप्पा स्वतःच्या खिशातून लागतो हे गृहीत धरा. बँकेला कर्जासाठी म्हाडाचं ना हरकत प्रमाणपत्र हवं असतं. ते मागायचा अर्ज पहिला टप्पा भरल्याच्या दिवशीच द्यावा. किमतीशिवाय मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क, आगाऊ देखभाल रक्कम आणि सोसायटीचं भागभांडवल असतं. ते जाहिरातीतल्या किमतीत नसतं, म्हणून हिशेबात वेगळा रकाना ठेवा.

ताबा घेताना 'भोगवटा प्रमाणपत्र', म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला, मिळालेलं आहे का ते बघा. नसेल तर नळाला अधिकृत पाणी नाही आणि ताबापत्राला फारसा अर्थ नाही. ताबा मिळाल्यानंतर पहिली पाच वर्षं घर विकता येत नाही. या काळात साध्या करारावर किंवा कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार करणारे दोघंही अडकतात: विकणाऱ्याचं वाटप रद्द होऊ शकतं आणि घेणाऱ्याच्या हातात कागदाशिवाय काही राहत नाही. मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे.

जुन्या वसाहती: मिळकत व्यवस्थापन

मुंबईत म्हाडाच्या ५६ वसाहती आहेत. विक्रोळीचं कन्नमवार नगर, चेंबूरचं टिळक नगर वगैरे. यांतली पुष्कळ घरं मुळात 'भाडे' किंवा 'भाडेखरेदी' तत्त्वावर दिलेली. भाडेखरेदी म्हणजे दरमहा भरायचा हप्ता, दिसायला भाड्यासारखा, पण शेवटचा हप्ता भरला की घर तुमचं. घरात आजोबांच्या काळातल्या पावत्यांचा गठ्ठा असेल तर पावतीवर 'भाडे' लिहिलंय की 'हप्ता', हे पाहा. भाडं असेल तर मालकी वेगळी करून घ्यावी लागते. हप्ता असेल तर पूर्ण भरणा झाल्याचा दाखला काढावा लागतो. पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवू नका, शाई उडते. स्कॅन करून ठेवा.

या वसाहतींत तुमचं काम 'मिळकत व्यवस्थापक' या अधिकाऱ्याकडे. हस्तांतरण, वारस नोंद, थकबाकी, ना देय प्रमाणपत्र, सगळं तिथून. तीन शब्द वेगळे ठेवा. 'हस्तांतरण' म्हणजे परवानगी घेऊन विक्री. 'वारस हस्तांतरण' म्हणजे मृत्यूनंतर नाव लागणं. त्यासाठी मृत्यूचा दाखला, मूळ वाटपपत्र, सोसायटीचं ना हरकत, इतर वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि बहुधा जाहीर नोटीस. 'नियमितीकरण' म्हणजे आधीच परवानगीशिवाय झालेला व्यवहार शुल्क भरून कागदावर आणणं. मधल्या काळात घर तीन हात फिरलं असेल तर तिन्ही पायऱ्यांचे कागद लागतात. मधला एक विकणारा सापडत नाही, आणि फाइल तिथे थांबते. या सेवेच्या संथपणाचा दोष कार्यालयाला द्यावा तेवढा थोडा, पण निम्म्या फाइली या हरवलेल्या मधल्या माणसामुळे अडलेल्या असतात, हेही खरं.

'सेवाशुल्क' हा शब्द फार भांडणं लावतो. पाणी, मलनिस्सारण, रस्त्यावरचे दिवे, अकृषिक आकार, भुईभाडं यांचा एकत्र आकार म्हणजे सेवाशुल्क. ते घराचं भाडं नाही. वर्षानुवर्षं जुन्या दरानं भरून मग वाढीव दराची थकबाकी व्याजासह समोर आली, म्हणून वसाहतींमध्ये असंतोष झाला आणि व्याज माफ करणारी अभय योजना आणावी लागली. मूळ रक्कम मात्र भरावीच लागते. आलेलं बिल घ्या, 'चालू मागणी', 'मागील थकबाकी' आणि 'व्याज' हे तीन आकडे वेगळे करा, आणि सोसायटीच्या जुन्या भरणा पावत्यांशी वर्षवार जुळवा. भरलेले पैसे दुसऱ्याच इमारतीच्या खात्यात जमा दाखवलेले सापडतात.

पुनर्विकास करायचा तर 'अभिहस्तांतरण' झालेलं हवं. म्हाडात याचे दोन दस्त असतात: इमारतीचा विक्री करारनामा आणि जमिनीचा भाडेपट्टा. म्हणजे भिंती सोसायटीच्या, जमीन म्हाडाचीच, ठरलेल्या वर्षांच्या पट्ट्यावर. क्रम असा: सोसायटीची नोंदणी, सगळी देणी शून्य, मूळ वाटपधारक आणि आजचे सभासद यांची यादी जुळवणं, न जुळणाऱ्यांचं नियमितीकरण, मोजणी नकाशा, मग दस्त आणि नोंदणी. ४० घरांच्या इमारतीत दोन घरांचं नियमितीकरण बाकी असेल तर ३८ जण त्या दोघांसाठी थांबतात. सोसायटीने हे काम विकासक यायच्या आधी उरकावं. नंतर ते विकासक करून देतो आणि त्याची किंमत तुमच्या चौरस फुटांतून वसूल करतो.

उपकर, संक्रमण, मास्टर लिस्ट

दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या जुन्या चाळी 'उपकरप्राप्त' म्हणतात, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की त्यांना काही मिळतं. उलट आहे: त्या उपकर भरतात, आणि त्या बदल्यात दुरुस्ती मंडळ दुरुस्तीची जबाबदारी घेतं. अ वर्ग १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती, ब वर्ग तिथून १९५० अखेरपर्यंत, क वर्ग १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंत. ही सगळी इमारत मालकाचीच असते, भाडेकरू 'पागडी'वर, म्हणजे सुरुवातीला एकरकमी रक्कम देऊन पुढे थोड्या भाड्यावर. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणं-देणं वैध केलं, आणि दरवर्षी ४ टक्के भाडेवाढ ठेवली. पावती कुणाच्या नावे आहे हाच इथला सातबारा. वडील गेल्यावर पावती नावावर करून घेतली नाही, तर पुनर्विकासाच्या यादीत नाव लावताना आधी वारसाचा वाद मिटवा, असं सांगितलं जातं.

मालक काही करत नसेल तर दोन कलमं चर्चेत असतात. म्हाडा कायद्याचं १०३-ब: ७० टक्के भाडेकरूंनी सोसायटी करून मागणी केली तर इमारत संपादन करता येते, मोबदला महिन्याच्या भाड्याच्या १०० पट. १९८६ पासूनची ही तरतूद न्यायालयात गेली. त्याच प्रकरणात ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सगळी खासगी मालमत्ता समाजाची भौतिक साधनसंपत्ती धरता येणार नाही, असा निकाल दिला. दुसरं ७९-अ: धोकादायक ठरवलेल्या इमारतीसाठी आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंना सहा महिने, मग म्हाडा. या नोटिसांवरूनही उच्च न्यायालयात वाद झाला, म्हणून नोटीस हातात आली की ती कोणत्या अधिकाऱ्याने, कुठल्या संरचनात्मक तपासणीच्या आधारे काढली हे आधी विचारा.

इमारत पडली किंवा रिकामी केली की 'संक्रमण शिबिर'. प्रतीक्षा नगर, गोरेगाव, मानखुर्द, कन्नमवार नगर. संक्रमण म्हणजे मधला मुक्काम. तिथे नातवंडांची लग्नं झालेली कुटुंबं आहेत, इतका तो मधला. म्हाडाने तिथल्या रहिवाशांचे तीन गट केले: अ म्हणजे मूळ भाडेकरू, ब म्हणजे मूळ भाडेकरूकडून मुखत्यारपत्र वगैरेंवर जागा घेतलेले, क म्हणजे घुसखोर. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात ब आणि क यांतली रेघ एका नोटरीच्या शिक्क्यावर उभी आहे, आणि तो शिक्का मारणारा कधीच गेलेला असतो. मूळ रहिवाशाने शिबिरात जाताना मिळालेलं वाटपपत्र, जुन्या चाळीची शेवटची भाडेपावती आणि रिकामी करण्याची नोटीस हे तीन कागद जपले नाहीत, तर अ गट सिद्ध करणं फार जड जातं.

ज्यांची चाळ पुन्हा उभी राहूच शकत नाही, म्हणजे भूखंड फार अरुंद, रस्तारुंदीत गेलेला किंवा आरक्षित, त्यांची 'बृहत्सूची' असते. कार्यालयातही सगळे तिला मास्टर लिस्टच म्हणतात. विकासकांकडून येणारं जादा क्षेत्र यांना मिळायचं. वर्षानुवर्षं हे वाटप नस्तीतून, माणसांच्या हातून व्हायचं आणि त्यावर संशय असायचा. डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्यांदा ते संगणकीय सोडतीने झालं. उशिरा झालं, पण योग्य झालं.

झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण हे वेगळं कार्यालय, वेगळा कायदा, वेगळे शब्द. इथे एकच सांगतो, कारण लोक दोन्ही मिसळतात. तिथला निर्णायक कागद 'परिशिष्ट-२', पात्र-अपात्र झोपडीधारकांची यादी. १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा असेल तर घर मोफत. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून. यादी लागली की आपल्या नावापुढचा शेरा वाचा. 'अनिर्णित' म्हणजे नाकारलं नाही, पुरावा कमी पडला. तो मुदतीत दिला नाही तर पुढे अपिलाचा लांब रस्ता.

म्हाडाच्या वांद्र्याच्या गृहनिर्माण भवनात कुठलाही अर्ज द्याल तेव्हा तो दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह 'आवक क्रमांक' घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांच्या टेबलावर ठेवलेला अर्ज हा आवक नसलेला अर्ज. सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अधिसूचित आहे का, ते तिथल्याच फलकावर बघा. असेल तर पोच देणं बंधनकारक, आणि किती दिवसांत काम व्हायला हवं तेही त्याच फलकावर लिहिलेलं असतं. पुढच्या वेळी विचारायला जाल तेव्हा नाव सांगू नका, आवक क्रमांक आणि तारीख सांगा.